चौदाव्या दिवशी येणाऱ्या जीजी

माणूस मेल्यावर तेरा दिवस त्याच्या घरी गर्दी करणाऱ्यांवर माझा राग आहे. हा राग मला जीजींनी लावला. पक्का झाला तो मात्र मी स्वतः जे केलं त्यामुळे.

पहिल्या दिवशी अंगणात चपला मावत नाहीत. तिसऱ्या दिवशी उठावण्याला, म्हणजे आमच्या माळव्यात सांत्वनाला जमतात त्या बैठकीला, सतरंज्या कमी पडतात. तेराव्याला पंगती बसतात, लाडवांची चर्चा होते. आणि चौदाव्या दिवशी त्या घरात उरतो एक म्हातारा किंवा एक म्हातारी, धुऊन पालथी घातलेली भाड्याची पातेली आणि हार घातलेला एक फोटो. जीजी त्या दिवशी जायच्या. त्याआधी एकदाही नाही. अगदी सख्ख्या मैत्रिणीचा नवरा गेला तरी तेरा दिवस त्या गल्लीत पाऊल टाकायच्या नाहीत. लोक नावं ठेवायचे. जीजी म्हणायच्या, "ठेवू देत. तेरा दिवस बोलणारे पुष्कळ आहेत. लाइन एंगेज असते. ती मोकळी झाली की मी जोडते."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेली बाई होती ती. परगावचे ट्रंक कॉल जोडायच्या. हेडफोनच्या पट्ट्याने डाव्या कानावरचे केस कायमचे विरळ झाले होते. आणि निवृत्तीनंतर घरात फोन घेतला नाही. सगळी कॉलनी फोनसाठी रांगेत नंबर लावून बसलेली असताना ही बाई म्हणाली, "मला नको. दुसऱ्यांचे जोडले तेवढे पुरेत."

धारमध्ये मी त्यांची भाडेकरू होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी देवासची. वडील कारखान्याच्या नोकरीसाठी नगरकडून आलेले, मी हिंदी शाळेत शिकलेली, मराठी घरातली. एका संस्थेत कामाला लागले होते आणि आमचा विषय होता वृद्धांचं मानसिक आरोग्य. विषय मोठा, काम एकच: पत्रकं वाटणं. पिवळ्या कागदावर 'म्हातारपणातील उदासीनता: दहा लक्षणे'. बसस्टँडवर वाटा, देवळाबाहेर वाटा, पेन्शनच्या रांगेत वाटा. मी त्यातलं प्रत्येक वाक्य खरं मानायची. अजूनही मानते. त्यात खोटं काही नव्हतं.

खोली बघायला गेले तेव्हा जीजींनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, चष्मा न लावता लांब धरून वाचलं आणि म्हणाल्या, "एक नंबर, झोप न लागणे. हे कोणी लिहिलं?"

"मी."

"दुपारभर माणसाला पलंगावर टाकून ठेवतात, आराम करा म्हणतात. मग त्याला झोप कशी लागणार? दुपारचं काही लिहिलंय का यात?"

"दुपारचं वेगळं असं नाही."

"मग राहायला ये. नाव काय तुझं? असू दे. पंपलेट म्हणेन."

तेव्हापासून मी पंपलेट. एरवी मला अगं-तूगं, पण रागावल्या की 'आपण' म्हणायच्या. "आपण आता गप्प बसावं." जुन्या दरबारी घराण्यातल्या होत्या. दरबार केव्हाच संपला होता, पण हे 'आपण' तेवढं शिल्लक होतं आणि ते अंगावर आलं की चाबकासारखं लागायचं. लग्न केलं नव्हतं. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "नाइट ड्युटी असायची."

दुसरी एक सवय सांगायलाच हवी. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलून सांगायची, तीन मिनट हो गए, बढ़ाऊँ क्या? ते वाक्य जीजींच्या तोंडातून गेलंच नाही. मी वृद्धांच्या हक्कांवर बोलायला लागले, आवाज चढला, की भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" मी चिडायची. आणि मी चिडले की त्यांना बरं वाटायचं.

त्यांचं काम कसं चालायचं ते सांगते, कारण आमच्या कुठल्याही पत्रकात ते नव्हतं. सकाळी हिंदी पेपर आला की आधी 'उठावना'चं पान. कोण गेलं यापेक्षा मागे कोण राहिलं हे बघायचं. मागे म्हातारा किंवा म्हातारी राहिली असेल तर ती चौकट कापून वहीत चिकटवायची आणि बोटांवर मोजून समोर वार लिहायचा. मग त्या माणसाला पोस्टकार्ड. मजकूर नेहमी एकच: 'चौदाव्याला येते. निवडायला, सोलायला काहीतरी आणते. बसावं लागेल.' खाली नाव. तारीख कधीच नाही. "घरात दिवस घालणारं माणूस दिवस मोजतच असतं," म्हणायच्या, "त्याला तारीख काय सांगायची?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पहिल्यांदा मला बरोबर नेलं ते धारमधल्याच एका वैनींकडे. नवरा तहसिलीत कारकून होता, पंधरवड्यापूर्वी गेला होता. घरात दोन सुना, स्वयंपाकघर त्यांचं. वैनी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवून ठेवलेल्या, शोकेसमध्ये ठेवतात तशा. जीजींनी पिशवीतून गवार काढून परातीत ओतली. संस्थेत शिकवलं होतं तसं मी सुरू केलं, "वैनी, जोडीदार गेल्यावर एकटेपणाची भावना येणं स्वाभाविक आहे, आपण ती व्यक्त..."

वैनी म्हणाल्या, "सगळं छान आहे हो. मुलं फार करतात."

"तीन मिनिटं झाली," जीजी मला म्हणाल्या. एकही झालं नव्हतं. मग वैनींकडे वळून, "काल दुपारी तीनला काय करत होतात?"

'कसे आहात' हा प्रश्न जीजींना वर्ज्य होता. तो विचारला की समोरचा ठीक आहे म्हणतो आणि लाइन कट होते, असं त्यांचं म्हणणं.

वैनींनी परात जवळ ओढली. गवारीच्या दोन शेंगा मोडल्या. मग म्हणाल्या, "कॅलेंडर बघत होते."

"काय पाहिलंत?"

"महिना बदलला ना. मागचं पान फाडायचं राहिलंय. ते काम यांचं असायचं. मी फाडावं की नको, तेच बघत बसले होते."

"किती वेळ?"

"चहा येईपर्यंत. पाच वाजले असतील."

आमच्या पत्रकात हे कुठे बसवाल? लक्षण क्रमांक किती? मी मनातल्या मनात शोधत होते आणि तेवढ्यात वैनी जीजींच्या अंगावर खेकसल्या, "अहो जीजी, ही काय गवार मोडायची तऱ्हा? शिरा तशाच ठेवता? तुमच्या वाड्यावर आचारी होते म्हणून काय झालं!" जीजींनी मुद्दाम आणखी चार शेंगा वाईट मोडल्या. दहा मिनिटं दोघी भांडल्या. आतून सुना डोकावून गेल्या. निघताना अर्धी गवार परातीत तशीच होती. जीजी म्हणाल्या, "उरलेली राहू द्या. गुरुवारी येऊन मोडू." काम पुरं करायचं नाही, हा दुसरा नियम. उरलेलं असलं की परत जायला दार उघडं राहतं.

रस्त्यावर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "भांडली. वाचली."

मी हे सगळं संस्थेच्या बैठकीत सांगितलं. सगळ्यांना आवडलं. आवडलं म्हणजे त्यांनी त्याचं शिबिर करायचं ठरवलं. देवासला, जानेवारीत, रविवारी. मोठा हॉल, इंदूरहून मनोविकारतज्ज्ञ, टेंपोतून आणलेले दीडशे म्हातारे आणि प्रमुख पाहुण्या म्हणून जीजी. कल्पना माझी होती. मला वाटायचं, एकेकाच्या घरी गवार मोडून काय होणार? गावोगाव म्हातारी माणसं सडतायत आणि ही बाई पिशवी घेऊन फिरते. याला व्यवस्था पाहिजे. व्यवस्था पाहिजेच, हे मी आजही म्हणते.

निमंत्रणपत्रिका छापून आली तेव्हा जीजी ती किती तरी वेळ बघत राहिल्या. मराठीत एकदा, हिंदीत एकदा, दोनदा नाव. "चौतीस वर्षं मी नुसता आवाज होते गं," म्हणाल्या. "लोक 'ओ मॅडम' म्हणायचे, नाहीतर शिव्या द्यायचे. नाव कोणाला ठाऊक नव्हतं." पत्रिका त्यांनी उठावण्याच्या वहीत ठेवली. त्याच आठवड्यात त्या वहीत नालछ्याची चौकट चिकटली.

नालछा म्हणजे मांडूच्या रस्त्यावरचं गाव, धारहून बसने तासाभराचं. तिथल्या सरकारी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर, मराठी माणूस, त्यांची बायको गेली होती. मुलगा पुण्याला. जीजींनी चौकट वाचली आणि चष्मा काढला. "याला मी ओळखते. म्हणजे, आवाज ओळखते. साप चावला, बाई अडली, की दवाखान्यातून हाच इंदूरला कॉल बुक करायचा. मधेच लाइन गेली की ओरडायचा नाही. 'बाई, पुन्हा बघता का?' म्हणायचा. सगळे ओरडायचे. हा एकटा ओरडत नसे. तोंड कधी पाहिलं नाही." बोटांवर मोजलं. "रविवार."

"रविवार शिबिराचा आहे, जीजी."

"मग मी नाही."

पत्रिका वाटून झाल्या होत्या. बॅनर रंगवून झाला होता. मी वही ओढली आणि ती चौकट वाचली. निधन सोमवारी सायंकाळी. अंत्यसंस्कार मंगळवारी दुपारी, मुलगा पुण्याहून यायचा म्हणून. आणि मला वाट सापडली. वादविवादात सापडते तशी.

"जीजी, तुमच्या घरात दिवस अग्नीपासून मोजतात ना? तुम्हीच सांगितलं होतं. अग्नी मंगळवारी दिला. म्हणजे चौदावा सोमवारी येतो."

"आमच्या घरात. त्यांच्या घरात काय, कोण जाणे. बहुतेक लोक मृत्यूपासूनच धरतात."

"मग विचारून घेऊ."

"सुतक असलेल्या घरी विचारू, तुमचा तेरावा कधी म्हणून? आपण शुद्धीवर आहात का?"

"मग अग्नीपासून धरा. आणि समजा रविवार असला, तरी एका दिवसाने काय होतं? तिकडे दीडशे माणसं येणार आहेत, जीजी. दीडशे. इकडे एक."

जीजींनी वही माझ्याकडून परत घेतली. पत्रिका वहीतून काढली, परत ठेवली. मग वहीत चौकटीसमोर 'सोमवार' लिहिलं आणि पोस्टकार्ड काढलं. चौदाव्याला येते. मटार आणते. बसावं लागेल.

ते कार्ड पेटीत मी टाकलं. टाकण्याआधी वाचलं. तारीख नाही, वार नाही, हे मला दिसलं. सोमवारी येते, एवढं त्यात लिहायला मी त्यांना लावू शकले असते, परत जाऊन दोन शब्द. पण तो विषय पुन्हा काढला तर त्यांचं मन फिरेल, अशी मला भीती वाटली. म्हणून टाकलं.

शिबिराचं काय सांगू? तज्ज्ञ दोन तास उशिरा आले. म्हातारी माणसं लोखंडी खुर्च्यांवर अवघडून बसली, लघवीला कुठे जायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सत्कार झाले, नारळ झाले, स्थानिक पुढाऱ्याने आपल्या आईबद्दल अर्धा तास भाषण केलं, आणि ती आई मागच्या रांगेत बसली होती, तिला ऐकू येत नव्हतं. जीजींना शेवटी उभं केलं. जुनी दरबारी जरीकाठी साडी नेसून आल्या होत्या, मी त्यांना तशी कधी पाहिली नव्हती. माइक हातात घेतला, आणि चौतीस वर्षांचा तो आवाज हॉलभर गेला.

"मला भाषण येत नाही. काल दुपारी तीनला कोण काय करत होतं, तेवढं सांगा."

मग तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "बाथरूमच्या बाहेर बसलो होतो जी. बहू कपडे धोती है, नळ चालू असतो. पानी की आवाज़ अच्छी लगती है. घरात दुसरा कुठला आवाजच नाही दिवसभर." शेजारची बाई हसली आणि म्हणाली, "मी तर घड्याळाला चावी देत होते, दोनदा दिली, तुटलं." लोक हसले. आणखी तीन हात वर झाले. कोणीतरी मागून ओरडलं, "हमको भी बोलने दो भिया!"

आणि अध्यक्षांनी मला खूण केली. तज्ज्ञांना पाचची गाडी होती, स्लाइड दाखवायच्या राहिल्या होत्या. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. जीजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांना तीन बोटं दाखवली. तीन मिनिटं झाली.

त्यांनी माइक लगेच खाली ठेवला. ज्यांचे हात वर होते त्यांनी ते हळूहळू खाली घेतले.

सोमवारी पहिल्या बसने आम्ही नालछ्याला गेलो. दोन किलो मटार, जीजींनी धारच्या मंडईत एकेक शेंग दाबून घेतलेले. घर विचारावं लागलं नाही, बाहेर माणसं उभी होती. ती बघून जीजींचा चेहरा सैल झाला. मला म्हणाल्या, "पाहुणे अजून गेले नाहीत वाटतं. बरं झालं. म्हणजे मोजणी बरोबर होती."

बरोबर नव्हती.

शेजारच्या बाईंनी सांगितलं. तेरावा शनिवारी झाला. मुलगा रविवारी सकाळच्या बसने गेला, सुट्टी संपली होती. "काकाजी तो कल बड़े खुश थे," त्या म्हणाल्या. "नहा-धो के बैठे. बोले धार से टेलीफोन वाली बाई आ रही है. हर बस पे उठ के देखते थे. शाम तक ओटले पे बैठे रहे." सोमवारी सकाळी दूधवाल्याला दार उघडं दिसलं. त्यांनी स्वतःला संपवलं होतं. कसं, ते मी लिहिणार नाही. ते चवीने सांगणारे त्या अंगणात पुरेसे होते, तेरा दिवस बसलेले तेच.

उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. जमिनीवर दोन आसनं, मध्ये परात, परातीत दोन वाट्या. टरफलांसाठी वर्तमानपत्र अंथरलेलं. आरशाच्या चौकटीत खोचलेलं पोस्टकार्ड.

जीजी आत गेल्या नाहीत. कोणीतरी म्हणालं, दर्शन घ्या. त्या म्हणाल्या, "नको. आवाज ओळखते मी, तेवढाच राहू द्या." मटारची पिशवी ओट्यावर ठेवली आणि बसस्टँडकडे चालायला लागल्या. मी मागे धावले. बसमध्ये त्यांनी खिडकीकडे तोंड केलं ते धार येईपर्यंत वळवलं नाही.

आमच्या तज्ज्ञांना मी नंतर विचारलं. ते सभ्यपणे म्हणाले, अशा गोष्टीला एक कारण कधीच नसतं, दुःख होतं, आजार असेल, आधीपासून काही असेल, एखाद्या माणसाच्या न येण्याने असं घडत नाही. त्यांचं शास्त्र खरं असेल. पण ती परात त्यांनी पाहिली नाही. कंपाउंडरांच्या मुलाला पुण्याला फोन लावून मी वाटेल ते बोलले, आणि बोलताना मला पूर्ण कळत होतं की मी कोणाला बोलते आहे.

जीजींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर भांडले असते, आणि त्यांच्याच हिशेबाने भांडण म्हणजे वाचणं. एकदाच बोलल्या, उन्हाळ्यात, तांदूळ निवडताना. "पंपलेट, मला ठाऊक होतं. ते लोक मृत्यूपासूनच धरतात. वहीत 'सोमवार' लिहिताना ठाऊक होतं."

"जीजी, मीच तुम्हाला..."

"तू नाही. मला त्या माइकवर बोलायचं होतं." आणि मी पुढे काही म्हणायच्या आत, "तीन मिनिटं झाली."

वाढवू का, असं त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर वहीत चौकट चिकटली नाही. पेपर दारात पडून राहायचा. माझं पिवळं पत्रक त्यांनी गमतीने स्वयंपाकघराच्या दारामागे डकवलेलं होतं, आणि मी रोज चहा करताना ते वाचायची. झोप न लागणे. भूक मंदावणे. आवडीच्या कामात रस न वाटणे. अपराधीपणाची भावना. लोकांना भेटणे टाळणे. एकेक लक्षण माझ्या डोळ्यांदेखत त्या घरात येऊन बसत होतं, मी लिहिलेल्या क्रमाने. मला सगळी नावं ठाऊक होती, आणि नाव ठाऊक असूनही करता काही येत नव्हतं.

इंदूरला नेलं. औषधं सुरू झाली. झोप लागायला लागली, हे मी प्रामाणिकपणे सांगते, औषधांविरुद्ध बोलणाऱ्यांतली मी नाही. पण झोपून उठल्यावर कशासाठी उठायचं, ते गोळीत नव्हतं. पुण्याला त्यांचा भाचा होता, एसटीडी बूथवरून त्याला कळवलं. तो म्हणाला, "या वयात असं व्हायचंच, ताई." हे वाक्य बोलणाऱ्याला दंड करायला हवा. माझी जुनी मागणी आहे.

संस्थेत मी म्हटलं, पत्रक नव्याने छापा, त्यात घाला: तेराव्यानंतरचे दिवस सांभाळा, जातो म्हणालात तर वार सांगा आणि त्या वारी जा. समितीने ते काढून टाकलं. म्हणाले, हे वैद्यकीय नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली देवासला झाली. आधी पंधरा दिवसांनी जायची, मग महिन्याने, मग सणाला. एका जानेवारीत मटार घेऊन गेले. परात मांडली आणि त्यांचाच प्रश्न विचारला, "काल दुपारी तीनला काय करत होतात, जीजी?"

"इथेच होते."

"इथे काय करत होतात?"

"होते."

पण मटार सोलले. भराभर, एकही दाणा खाली न पाडता. मला वाटलं, हात चालतायत, बरं लक्षण आहे. निघताना बघितलं तर पिशवी रिकामी होती. एक शेंगसुद्धा उरवली नव्हती. उरलेलं राहू दे, पुढच्या वेळी, असं म्हणायला काही नव्हतंच. मला तिथेच कळायला हवं होतं. मी घड्याळ बघत होते, देवासला परतायला इंदूरची बस गाठायची होती.

त्या जूनमध्ये गेल्या. झोपेत, अंथरुणात, शांतपणे, असं सगळे म्हणतात. भाच्याने पुण्याहून येऊन तीन दिवसांत सगळं उरकलं, हल्ली तसंच करतात, घराला कुलूप घातलं आणि गेला. दिवस कोणीच मोजले नाहीत. म्हणून मी मोजले. दोन्ही तऱ्हेने मोजले, मृत्यूपासून आणि अग्नीपासून, आणि दोन्ही चौदाव्यांना देवासहून धारला गेले. मटारचा हंगाम नव्हता, भुईमुगाच्या शेंगा नेल्या. कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर बसून फोडल्या. पहिल्या दिवशी तासभर. कोणीही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातून एक आजोबा बाहेर आले. काठी, बंडी, दाढी वाढलेली. नवीन राहायला आलेले असावेत, मी कधी पाहिले नव्हते. गल्ली ओलांडून हळूहळू माझ्यापर्यंत आले आणि उभे राहिले.

"मकान देखने आई हो, बेटा?"

"नहीं काकाजी. ऐसे ही."

ते गेले नाहीत. माझ्या मांडीवरच्या शेंगांकडे बघत उभे राहिले. पायरीवर जागा होती. दुपारचे तीन वाजले होते, माझ्या मनगटावर घड्याळ होतं, मी पाहिलं. विचारायचं काय ते मला ठाऊक होतं. कसं बसायचं, कुठल्या शेंगा वाईट फोडायच्या, अर्ध्या कशा ठेवायच्या, सगळं ठाऊक होतं. पण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर गुरुवारी परत यावं लागलं असतं. देवासहून. मी पिशवी गुंडाळली, उठले, आणि चालता चालता म्हणाले,

"कैसे हो काकाजी?"

"ठीक हूँ बेटा," ते म्हणाले.